‘श्लेष्मल’ या शब्दाची झडती

पाठ्यपुस्तकात आंत्रपुच्छाच्या, म्हणजे अपेंडिक्सच्या, वाट्याला एखादी ओळ येते. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथे लोंबणारी, करंगळीएवढी, एका टोकाला बंद असलेली नळी. अवशेषांगाचे ठरलेले उदाहरण. सुजली तर कापून टाकायची. या नळीला कर्करोगही होतो हे त्या ओळीत बसत नाही. बसावे असा आमचा आग्रहही नाही, कारण वर्षाकाठी लाख माणसांत एखाद्यालाच तो होतो. ‘रोमन हॉलिडे’मुळे आपल्याकडेही ओळखीच्या झालेल्या अभिनेत्री ऑड्री हेपबर्न १९९३च्या जानेवारीत गेल्या त्या आंत्रपुच्छातून सुरू झालेल्या कर्करोगाने. हे नाव कानावर पडण्याचा प्रसंग अनेकांच्या बाबतीत बहुधा तेवढाच.

मग या पानांवर त्याची चर्चा कशासाठी? आम्हाला येथे रोगाची माहिती देण्यापेक्षा एका शब्दाची परीक्षा घ्यायची आहे. या कर्करोगाच्या तपासणी अहवालात ‘म्युसिनस’, मराठीत श्लेष्मल, असा शब्द बहुतेक वेळा येतो आणि त्यावरून रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज बांधला जातो. श्लेष्मल गाठ सौम्य असते असे काही ठिकाणी वाचायला मिळते, ती घातक असते असे काही ठिकाणी. गंमत म्हणजे दोन्ही विधानांना आकड्यांचा आधार आहे. एकाच शब्दातून दोन उलट निष्कर्ष निघू लागले की मोजमापापेक्षा शब्दाकडेच संशयाने पाहायला हवे. श्लेष्म किती आहे याने थोडेच कळते. ते पेशीच्या आत आहे की बाहेर, आंत्रपुच्छात आहे की पोटाच्या पोकळीत, आणि त्यात कोणत्या पेशी तरंगत आहेत, यावर रोगाची वाटचाल ठरते. नाव मात्र शंभराहून अधिक वर्षे श्लेष्माच्याच मागे धावत राहिले.

आधी श्लेष्म म्हणजे काय ते पाहू. नाकातला शेंबूड, घशातला कफ, आतड्याच्या आतले बुळबुळीत अस्तर हे सगळे श्लेष्मच. त्यात पाणीच फार. उरलेल्यात मुख्य वाटा म्युसिन नावाच्या प्रथिनांचा. आतड्यात स्रवणाऱ्या म्युक-२ या म्युसिनच्या साखळीत पाच हजारांहून अधिक अमिनो आम्ले असतात आणि त्या साखळीवर बाटली धुण्याच्या ब्रशच्या केसांसारख्या शर्करेच्या लहान साखळ्या दाटीने बसवलेल्या असतात. रेणूच्या वजनाचा सुमारे चार पंचमांश भाग या शर्करेचाच. शर्करा पाणी धरून ठेवते आणि असे रेणू गंधकाच्या बंधांनी एकमेकांना जोडले गेले की जाळे तयार होते. पेलाभर पाण्यात चमचाभर सब्जा टाकून पंधरा मिनिटांनी पाहिले तर थोडासा पदार्थ किती पाण्याला बांधून ठेवतो याची कल्पना येईल. सब्जातला पदार्थ निराळा, पण पाणी धरण्याची युक्ती तशीच.

आतड्याच्या अस्तरात पेल्याच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांना आपण चषकपेशी म्हणू. म्युसिन बनवून नळीच्या पोकळीत सोडणे हे त्यांचे काम. तिथे जीवाणू ते खातात, उरलेले मलाबरोबर बाहेर जाते. आंत्रपुच्छातही या पेशी भरपूर असतात. तिथे गाठ झाली, तोंड बंद झाले, की श्लेष्म साठत जाते, नळी फुगते आणि एखाद्या दिवशी फुटते. मग श्लेष्म आणि त्यातल्या पेशी पोटाच्या पोकळीत येतात. या पोकळीला बाहेर जाण्याची वाट नाही आणि श्लेष्म खाणारे जीवाणूही तिथे नाहीत. २००२ साली ओकॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचे वर्णन म्युक-२ स्रवणाऱ्या चषकपेशींचा रोग असे केले. त्यांचा मुद्दा साधा होता: असे म्युसिन स्रवणाऱ्या पेशींची संख्या फार वाढलेली असते आणि स्रावाला निचरा नसतो. शेतात तुंबलेल्या पाण्याचा दोष नुसता पावसाला देऊन चालत नाही, तसेच हे.

पोटात असे लिटरच्या लिटर जेलीसारखे श्लेष्म साठण्याला ‘स्यूडोमिक्झोमा पेरिटोनी’ म्हणतात. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कीने श्लेष्माने फुगलेल्या आंत्रपुच्छाचे वर्णन १८४२मध्येच केले होते, पण पोटातल्या जेलीला हे नाव दिले ते जर्मन डॉक्टर वेर्थ यांनी १८८४मध्ये, आणि त्यांच्यापुढचा रुग्ण अंडाशयाच्या गाठीचा होता. १९०१मध्ये फ्रेंकेल यांनी अशीच जेली आंत्रपुच्छाच्या गाठीतून आलेली दाखवली. तरीही पुढची अनेक दशके स्त्रीरुग्णांच्या बाबतीत बोट अंडाशयाकडेच दाखवले जाई. हा रोग पुरुषांनाही होतो, मग त्यांच्या पोटात जेली कुठून आली, हा प्रश्न दहावीतला मुलगाही विचारेल. तो पुरेशा जोराने विचारला गेला नाही. १९९०च्या दशकात पेशींतील प्रथिने रंगवून आणि जनुके तपासून पाहिली तेव्हा बहुतेक रुग्णांत अंडाशयातली गाठ ही आंत्रपुच्छातून आलेली पाहुणी असल्याचे दिसले. अंडाशयाची बाजू उचलून धरणाऱ्यांकडे निरीक्षणे होती. पण ती सगळी श्लेष्म जिथे साचले त्या जागेची होती, उगमाची नव्हती.

आता आपण मुख्य कामाकडे वळू. बाल्टिमोरच्या ब्रिजिट रॉनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९५चा अभ्यास हा या विषयातला मैलाचा दगड मानला जातो आणि तो मान योग्यच आहे. पोटात श्लेष्म पसरलेल्या १०९ रुग्णांच्या काचपट्ट्या त्यांनी पाहिल्या. श्लेष्म सगळ्यांतच होते. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि त्यात तरंगणाऱ्या पेशींकडे पाहिले. ६५ रुग्णांत पेशी थोड्या, शिस्तीत एका ओळीत उभ्या, जवळजवळ नेहमीसारख्या दिसणाऱ्या होत्या. ३० जणांत त्या भरपूर आणि उघडपणे कर्करोगाच्या होत्या. १४ जण मधले. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८४ टक्के, मधल्यात सुमारे ३८ आणि शेवटच्यात ७ टक्क्यांच्या आसपास निघाले. तिन्ही गट ‘श्लेष्मल’च! रॉनेट यांच्या कामाचे मोल आमच्या मते या एका नजर वळवण्यात आहे.

त्रुटीही आहेत. मधल्या गटात चौदाच माणसे. त्यातला एक जण इकडचा तिकडे झाला तर टक्केवारी सातने हलते. २००१मध्ये याच अभ्यासाचा पुढचा अहवाल आला, तेव्हा मधल्या गटाचा पाच वर्षांचा आकडा ५० टक्के झाला होता. ३८चे ५० कसे झाले यावर खल करण्यापेक्षा चौदा माणसांच्या टक्केवारीवर फार भार टाकू नये, हे शिकणे बरे. दुसरी त्रुटी नावाची. पहिल्या गटाला त्यांनी ‘अ‍ॅडिनोम्युसिनोसिस’ म्हटले. त्यात कर्करोग हा शब्द मुद्दाम टाळला होता, कारण पेशी तशा दिसत नव्हत्या. पण २००१च्या अहवालानुसार या ‘सौम्य’ गटातलेही दहा वर्षांनी ६८ टक्केच जिवंत होते. जो रोग दहा वर्षांत तिघांतल्या एकाला नेतो त्याला नुसत्या दिसण्यावरून सौम्य म्हणावे का? वर्गात शांत बसणारा मुलगा अभ्यास करतोच असे नाही, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

मिस्ड्राजी आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये केलेली मांडणी आम्हाला याहून उद्बोधक वाटते. त्यांनी आंत्रपुच्छातल्या मंद श्लेष्मल गाठींना एकच नाव दिले आणि त्या कुठवर गेल्या आहेत ते वेगळे नोंदवले. आंत्रपुच्छातच राहिलेल्या गाठी काढल्यानंतर एकही परत आली नाही. तशाच दिसणाऱ्या गाठीतले श्लेष्म बाहेर पसरलेले असेल, तर पाच वर्षांनी ८६ टक्के रुग्ण जिवंत होते आणि दहा वर्षांनी ४५ टक्के.

या दोन आकड्यांवर थोडे थांबू या. ८६ आणि ४५. बहुतेक कर्करोगांत पाच वर्षे ही मोजपट्टी वापरतात, कारण त्या रोगांत जे व्हायचे ते बरेचसे पाच वर्षांत होते. ती मोजपट्टी उचलून इथे लावली तर रुग्ण जवळजवळ बरा झाल्यासारखा दिसतो. पण हा रोग सावकाश चालतो. त्याची खरी परीक्षा पुढच्या पाच वर्षांत असते. अहवाल वाचणाऱ्याने इथे ‘किती टक्के’ याच्याआधी ‘किती वर्षांनी’ हे विचारले पाहिजे.

रोग सावकाश का चालतो, यात श्लेष्माचा काही हात आहे का? आहे, पण आडून. पोटाच्या पोकळीत थोडासा द्रव सतत फिरत असतो. मंद गाठीच्या पेशी कुठे चिकटत नाहीत, श्लेष्माबरोबर वाहत जातात आणि जिथे द्रव शोषला जातो तिथे, म्हणजे उजव्या बाजूला श्वासपटलाखाली आणि आतड्यावरच्या चरबीच्या पडद्यावर, किंवा जिथे तो गुरुत्वाने साचतो तिथे, म्हणजे ओटीपोटात, गोळा होतात. लहान आतडे सतत हलत असते म्हणून बराच काळ वाचते. वॉशिंग्टनचे शल्यविशारद पॉल शुगरबेकर यांनी याच निरीक्षणावर उपचार उभा केला: दिसेल तेवढे सगळे काढायचे आणि नंतर पोटात सुमारे ४२ अंश सेल्सिअसला तापवलेले औषध तास-दीड तास फिरवायचे. औषध उतीत काही मिलिमीटरच शिरते, म्हणून आधी कापणे आले. लहान आतडे वाचलेले असते म्हणूनच हे शक्य होते. थोडक्यात, रुग्णाला वाचवते ते पेशीचे न चिकटणे. तेवढेच श्लेष्म बनवणाऱ्या पण चिकटणाऱ्या, आत घुसणाऱ्या पेशी असतील तर वाहून जाण्याचा हा लाभ मिळत नाही.

टोकाचे उदाहरण मुद्रिकापेशींचे. या पेशींत म्युसिन बाहेर पडतच नाही. आतच साठते आणि केंद्रकाला एका कडेला ढकलते, त्यामुळे पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. श्लेष्म इथेही आहेच. पण ही गाठ आंत्रपुच्छाच्या सर्वांत वाईट कर्करोगांत मोडते: उतींत एकेकटी शिरते, लसिकाग्रंथींत जाते. एका पेशीच्या भिंतीचे अंतर, आणि भवितव्य उलटे! स्तनाच्या निव्वळ श्लेष्मल कर्करोगाचे भवितव्य चांगले असते, मोठ्या आतड्याच्या श्लेष्मल कर्करोगाचे इतरांहून फारसे चांगले नसते, हेही इथेच नोंदवून ठेवू. अवयव सांगितल्याशिवाय ‘श्लेष्मल’ हा शब्द अर्धाच राहतो.

नावांचा हा गोंधळ मिटवण्यासाठी २०१६मध्ये १३ देशांतल्या ७१ तज्ज्ञांचे एकमत प्रसिद्ध झाले. पोटातल्या रोगाचे त्यांनी चार प्रकार ठरवले: पेशीविरहित श्लेष्म, मंद श्लेष्मल कर्करोग, तीव्र श्लेष्मल कर्करोग आणि मुद्रिकापेशी असलेला तीव्र कर्करोग. जुनी, फसवी नावे बाद केली. हे काम स्वागतार्ह आहे. मात्र ते प्रश्नावल्या फिरवून मतांनी ठरले आहे हे विसरू नये. मतदानाने भाषा एक होते. पेशी कशी वागेल हे त्याने ठरत नाही. नावांचे खरेखोटे पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या नोंदींतूनच कळायचे.

या चारांतला पहिला प्रकार आम्हाला विशेष अस्वस्थ करतो. ‘पेशीविरहित’ म्हणजे श्लेष्म आहे, पेशी नाहीत. अशा रुग्णांत रोग परत येण्याचे प्रमाण बरेच कमी, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. श्लेष्मात पेशी सापडल्या की ते प्रमाण स्पष्ट वाढते. म्हणजे सगळा निर्णय ‘सापडल्या’ या क्रियापदावर आला. तपासणीसाठी श्लेष्माचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसवतात आणि प्रत्येक ठोकळ्यातून चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप घेतात. समजा, काढलेल्या सगळ्या श्लेष्माचे वीस ठोकळे झाले असते आणि त्यांपैकी एकातच पेशी असत्या. आपण पाचच ठोकळे तपासले, तर पेशी हुकण्याची शक्यता ७५ टक्के. दोन ठोकळ्यांत पेशी असत्या तरी ती ५५ टक्के राहते. वर्गात वीस चिठ्ठ्यांपैकी एकीवर फुली करून, पाच-पाच उचलून हे पन्नास वेळा करून पाहता येईल. मुले दोन तासिकांत ते करतात. तेव्हा अहवालात ‘पेशी आढळल्या नाहीत’ याच्या शेजारी ‘किती ठोकळ्यांत’ हा आकडा हवा. तो नसेल तर ‘पेशीविरहित’ हे रोगाचे वर्णन आहे की तपासनीसाच्या चिकाटीचे, हे सांगता येत नाही.

आणि याच प्रकाराचे टप्प्यांच्या कोष्टकात काय झाले पाहा. अमेरिकेच्या संयुक्त कर्करोग समितीच्या, २०१८पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत पोटात पसरलेल्या पेशीविरहित श्लेष्मालाही दूर पसरलेला रोग धरले गेले आणि रुग्ण चौथ्या टप्प्यात, त्यातल्या पहिल्या उपगटात, गेला. एकही कर्करोगपेशी न सापडलेला माणूस चौथ्या टप्प्यात! कोष्टकाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्याच आवृत्तीने मंद आणि तीव्र पेशींचे उपगटही वेगळे केले, म्हणजे पेशींकडे पाहण्याचा धडा घेतला. पण रुग्णाच्या घरी उपगट पोचत नाही. ‘चौथा टप्पा’ एवढेच पोचते, आणि फुप्फुसाच्या किंवा जठराच्या कर्करोगात त्या दोन शब्दांचा जो अर्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत असतो तोच लावला जातो. त्यातून कुणी उपचार सोडतो, तर कुणी नको तेवढी केमोथेरपी घेतो. अमेरिकेतील सुमारे १२ हजार रुग्णांच्या नोंदींवरचा २०१६चा अभ्यास सांगतो की चौथ्या टप्प्यातल्या मंद श्लेष्मल रोगात केमोथेरपीने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. श्लेष्मल नसलेल्या रोगात मात्र दिसले. सावकाश विभागणाऱ्या पेशींवर, विभागणाऱ्या पेशी मारणारे औषध फार काही करत नाही, यात आश्चर्य नाही. याच अभ्यासात पहिल्या तीन टप्प्यांत श्लेष्मल आणि अश्लेष्मल रोगांच्या भवितव्यात विशेष फरक आढळला नव्हता. फरक उघडा पडला तो चौथ्यात, म्हणजे श्लेष्म पोकळीत उतरल्यावर. आमच्या मूळ मुद्द्याला याहून चांगला पुरावा आम्हाला माहीत नाही. अर्थात नोंदवहीत कोणत्या डॉक्टरने कोणत्या गाठीला काय नाव दिले होते हे काचपट्टी पुन्हा पाहून तपासलेले नसते. वर सांगितलेला नावांचा गोंधळ त्या आकड्यांतही मुरलेला असणार.

शेवटी सर्वांत उद्धृत होणारा आकडा. टेरेन्स चुआ यांनी २०१२मध्ये १६ विशेष केंद्रांतल्या २,२९८ रुग्णांची माहिती एकत्र केली. शुगरबेकर पद्धतीच्या उपचारानंतर निम्मे रुग्ण १९६ महिन्यांहून, म्हणजे सोळा वर्षांहून, जास्त जगले. दहा वर्षांनी ६३ टक्के आणि पंधरा वर्षांनी ५९ टक्के जिवंत होते. उपचारामुळे २ टक्के दगावले, २४ टक्क्यांना मोठा त्रास झाला. हे आकडे आशादायक आहेत, आणि आम्ही ते कमी लेखत नाही. पण शिक्षकांना १७ नंबरचा फॉर्म ठाऊक आहे. कच्च्या मुलांना तो भरायला लावून बाहेरून बसवले की शाळेचा निकाल वर जातो. विशेष केंद्रांनी कुणाला मुद्दाम वगळले असे आमचे म्हणणे नाही. पण ज्यांचे शरीर आठ-दहा तासांची शस्त्रक्रिया सोसेल, ज्यांचा रोग तिथवर पोचण्याइतका सावकाश आहे, तेच त्या यादीत आले. शस्त्रक्रिया न झालेल्यांचा तुलनेचा गट त्यात नव्हता. दहा लाखांत वर्षाला एक ते चार जणांना होणाऱ्या रोगात चिठ्ठ्या टाकून दोन गट करणे किती अवघड, हे आम्ही समजू शकतो. म्हणून सोळा वर्षांचे सगळे श्रेय शस्त्रक्रियेला देता येत नाही आणि सगळे नाकारताही येत नाही.

रेणूंच्या पातळीवर आता कारणांचा माग लागू लागला आहे. मंद गाठींपैकी पुष्कळांत केआरएएस आणि जीएनएएस या जनुकांत उत्परिवर्तने सापडतात. जीएनएएस बिघडले की पेशीतला एक संदेशमार्ग सतत चालू राहतो, नळ उघडा राहावा तसा, आणि म्युसिन बनतच राहते. म्हणजे श्लेष्म बनवण्याचा आदेश आणि आत घुसण्याचा आदेश एकच नाहीत; पहिला चालू असताना दुसरा बंद असू शकतो. विकृतिशास्त्रज्ञ डोळ्यांनी जे वेगळे करू पाहत होते त्याला इथे रासायनिक आधार मिळतो.

सिडनीत डेव्हिड मॉरिस यांच्या गटाने याच श्लेष्मावर हल्ला करून पाहिला आहे. अननसातले ब्रोमेलेन हे विकर प्रथिने तोडते, आणि कफ पातळ करायला वापरतात ते असिटिलसिस्टीन म्युसिनच्या जाळ्यातले गंधकबंध सोडवते. दोन्ही मिळून पोटातली जेली विरघळवायची आणि नळीने बाहेर काढायची. मोजक्या रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया शक्य नाही त्यांच्या आतड्यावरचा दाब कमी करणे ही लहान गोष्ट नाही, कारण मंद रोगात माणूस बहुधा आतडे आवळले गेल्यानेच जातो. परंतु जेली कमी झाली म्हणजे ती बनवणाऱ्या पेशी कमी झाल्या असे नव्हे. या उपचाराच्या अहवालात ‘प्रतिसाद’ असा शब्द दिसला की त्याचा अर्थ जेलीचे आकारमान घटले असा घ्यायचा. पेशींचे काय झाले हा रकाना वेगळा, आणि तो भरायला वर्षे लागतील.